तीनशे साठ अंशांच्या पुढे

कापडाचं फूल पट्टी लावून कापावं की मोकळ्या हातानं, या प्रश्नावर आमच्या घरात दोन तट आहेत आणि ते वयानुसार पडलेले नाहीत. आर्ट क्विल्ट करणारी मी मोकळ्या हाताच्या बाजूची. इचलकरंजीत उभी हयात परकर-ब्लाउज शिवण्यात घालवलेली माझी आत्या पट्टीच्या बाजूची. काही महिने ती माझ्याकडे कोलंबसला राहिली आणि आमचा वाद रंगला.

ओहायोचा हा भाग क्विल्टवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा. इथून दीड-एक तासावर अथेन्स गावात ‘डेअरी बार्न’ नावाची इमारत आहे. पूर्वी तिथं गाई बांधत. १९७९ साली नॅन्सी क्रो आणि तिच्या सोबतच्या कलावंतांनी तिथं ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू केलं, ते पलंगावर पसरण्यासाठी नव्हे तर भिंतीवर लावून बघण्यासाठी केलेल्या क्विल्टचं. त्याच वर्षी जपानच्या ओल्फा कंपनीनं गोल पात्याचा रोटरी कटर बाजारात आणला. कटरच्या मागोमाग त्याच्या पात्याला टेकण देणाऱ्या जाड, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या आल्या. आधी साध्या आयताकृती, मग पाचरीच्या, षटकोनी, कमानीच्या, पाकळीच्या. आज फुलांसाठी म्हणून वेगळ्या पट्ट्यांचे संच मिळतात. भांडण त्यांच्यावरून.

मी : ड्रेस्डेन प्लेट घे, आत्या. वीस पाकळ्यांचं गोल फूल, मध्ये एक टिकली. १९२० आणि ३०च्या दशकांत अमेरिकेत घरोघरी शिवलं गेलं, अजून शिवतात. सगळ्या पाकळ्या एका मापाच्या, सगळ्यांची टोकं सारखी. कोपऱ्यातलं नाव झाकलं तर हे फूल कोणी केलं ते सांगता येणार नाही. मग ती कला कशी?

आत्या : मी सांगेन की. टीप बघून सांगेन, कापडाची निवड बघून सांगेन. पण ते राहू दे. वीसच का?

मी : त्या पट्टीचा कोन अठरा अंशांचा असतो. वीस पाकळ्या जोडल्या की तीनशे साठ अंश भरतात.

आत्या : आणि धागा? कोन बरोबर आला पण धागा वाकडा गेला, तर तीनशे साठ भरून उपयोग काय? सहा कळ्यांचा परकर घे. आयत तिरका कापला की दोन कळ्या निघतात. प्रत्येकीची एक कड सरळ धाग्याची, दुसरी तिरकी. जोडताना एकीची सरळ कड शेजारणीच्या तिरक्या कडेला लावायची. तिरकीला तिरकी लावलीस की शिवण लोंबते आणि घेर खालीवर होतो.

मी : इथं तसं होत नाही. पट्टीच्या मधोमध एक रेघ कोरलेली असते, ती उभ्या धाग्यावर ठेवायची. मग पाकळीच्या दोन्ही कडा धाग्यापासून नऊ-नऊ अंशांनी ढळतात. तिरकेपणा थोडाच, आणि दोन्हीकडे सारखा.

आत्या : मग ज्यानं ती रेघ घातली त्याला कापड कळतं. एक पाकळी सुलटी, पुढची उलटी, असं कापत गेलं तर चिंधीसुद्धा फुकट जाणार नाही.

मी : छपाईला दिशा असेल तर ते चालत नाही. निम्म्या पाकळ्यांवरची वेल डोकं खाली करून उभी राहते.

आत्या : मग बुट्टी घे, वेल घेऊ नको. कापड बेतताना हे आधी बघायचं असतं.

दोन दिवसांनी बघते तर आत्यानं माझ्या मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन पुठ्ठ्यावर अठरा अंशांची पाचर आखली होती आणि तिच्याभोवती खडू फिरवून कात्रीनं पाकळ्या कापत बसली होती. चांगल्या निघत होत्या. मात्र त्या पुठ्ठ्याच्या कडेनं मी रोटरी कटर चालवला, तेव्हा पात्यानं कापडाबरोबर पुठ्ठ्याचीही साल काढली, आणि पुढची पाकळी तेवढी अरुंद झाली. पात्यापुढे साधारण तीन मिलिमीटर जाडीची, टणक, न घसरणारी कड लागते. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीचे पैसे आपण त्या जाडीचे देतो. खडू आणि कात्री वापरणारीला पुठ्ठा पुरतो. हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

मग मी माझा ठेवणीतला मुद्दा काढला.

मी : कोन कितीही नेमका असू दे, आत्या, गोंधळ शिवणीत होतो. पाव इंच शिवण, म्हणजे दोन सूत. जोड वीस. प्रत्येक जोडात केसभर फरक पडला तरी तो वीस पटीनं वाढतो. मशीनवर हातच निर्णय घेणार असेल, तर कापतानाचा एवढा काटेकोरपणा काय कामाचा?

आत्या : वाढतो म्हणजे काय वाढतं? फूल बिघडतं कसं ते सांग.

मी : सपाट बसत नाही.

आत्या : शिवण सगळीकडे सारखीच जास्त घेतली तरी?

पुढचा सगळा दुपारचा वेळ तिनं यासाठी घालवला. चार इंच लांबीच्या पाकळ्यांची दोन फुलं तिनं शिवली. पहिल्यात मुद्दाम प्रत्येक बाजूला एक मिलिमीटर जास्तीची शिवण घेतली, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढीच. ते फूल टेबलावर ठेवलं तर काचेसारखं सपाट. फक्त मधलं भोक लहान झालेलं, त्रिज्येत सुमारे सहा मिलिमीटरनं. दुसऱ्यात शिवण आतल्या टोकाला अगदी बरोबर होती आणि बाहेरच्या रुंद टोकाला जाईपर्यंत अर्धाच मिलिमीटर जास्त गेली होती. चूक पहिल्याच्या निम्मी. पण ते फूल टेबलावरून कडेनं उचललं गेलं, आणि हातानं दाबलं की दुसरीकडून वर यायचं.

हिशेब सरळ आहे. शिवण सगळीकडे सारखी वाढली तर पाकळी अरुंद होते, कोन अठराच राहतो. वीस पाकळ्यांचे तीनशे साठ अंश कायम, त्यामुळे फूल सपाट. आकार तेवढा आक्रसतो, आणि मधली टिकली ते झाकून घेते. शिवण तिरपी गेली तर मात्र कोनच घटतो. चार इंची पाकळीत शिवण बाहेरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी अर्धा मिलिमीटर सरकली, की प्रत्येक पाकळीतून अर्ध्या अंशाहून थोडं जास्त जातं. वीस पाकळ्यांत मिळून अकरा अंश गेले, की कापड सपाट राहूच शकत नाही, त्याला उठावंच लागतं.

म्हणून क्विल्टच्या वर्गात नवशिक्यांना ‘पाव इंच, पाव इंच’ म्हणून जे घाबरवतात ते मला आता निम्मंच बरोबर वाटतं. माप पाव इंचच हवं असं नाही. शिवण कडेला समांतर हवी. पट्टी राखते तो कोन, आणि कोनावरच फूल बसतं की उठतं हे ठरतं.

एवढं मान्य करूनही मी माझी बाजू सोडली नव्हती. माझ्याकडे सिद्दी बायकांची फुलं होती.

उत्तर कन्नडच्या जंगलभागात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज त्यांच्यात मोठ्या संख्येनं आहेत, आणि अनेकांच्या घरात कोकणी बोलली जाते. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. जुन्या कपड्यांचे तुकडे घेऊन एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेनं फिरत धावदोऱ्यानं आत आत जायचं. वरचा तुकडा लावणं आणि थर एकत्र शिवणं दोन्ही एकाच टाक्यात होतं. आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या रंगीत तुकड्यांची ‘फुला’ लावायची. ती नसतील तर कवंद उघडी मानतात.

मी : तिथं पट्टी नाही, साचा नाही, कटर नाही. आणि त्या कोपऱ्यातल्या फुलांइतकं जिवंत काही मी प्रदर्शनात क्वचितच बघितलंय.

आत्या : घडी आहे ना पण?

मी : घडी आहे.

आत्या : घडी म्हणजे मापच. चौकोनाचं टोक टोकाला लावून दुमडलंस की बरोबर निम्मं. त्याच्याहून खरी पट्टी मी बघितली नाही. आम्ही ब्लाउजची मागची बाजू अशीच बेततो, दुमडून, एकच बाजू आखून. त्या बायका माप घेत नाहीत असं तुला वाटतं, कारण त्यांच्या हातात वस्तू दिसत नाही.

मी : मग जपानी फुलंही तुझ्याच बाजूची झाली. त्सुमामी म्हणतात, केसांत माळायची. रेशमाचा लहानसा चौकोन, चिमट्यात धरून दोनतीनदा दुमडायचा, झाली पाकळी. सगळं घडीवर.

आत्या : बघ की. फक्त घडीची एक अडचण आहे. ती निम्मंच करते. दोन, चार, आठ, सोळा. आता जास्वंद घे, तगर घे, सदाफुली घे, पांढरा चाफा घे. सगळ्यांना पाच पाकळ्या. नुसतं निम्मं निम्मं करत पाचापर्यंत कशी जाशील?

याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मला फार आवडतं. सारख्या रुंदीची कागदाची लांब पट्टी घ्यायची, तिला साधी गाठ मारायची, आणि ती गाठ हलके हलके ओढत चपटी करायची. शेवटी घडी जिथं बसते तिथं नियमित पंचकोन तयार होतो. पाचही बाजू समान, पाचही कोन समान. मी ती गाठ आत्याच्या हातात दिली. तिनं ती फिरवून बघितली, एक कड दुसऱ्या कडेवर दुमडून पडताळली, आणि विचारलं,

“सारख्या रुंदीची पट्टी कापलीस कशानं?”

मी ती रोटरी कटर आणि पट्टीनंच कापली होती. पण माझा मुद्दा त्यानं पडत नाही असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. गाठीला फक्त दोन समांतर कडा लागतात. पाचपणा ती स्वतः आणते. बहात्तर अंशांची पट्टी विकत आणली असती तर तो पाचपणा मला तयार मिळाला असता, आणि पंचकोन होताना बघायला मिळाला नसता. शिकणाऱ्या माणसासाठी हे साधं नुकसान नव्हे.

अमेरिकेतल्या जुन्या फुलांमध्ये सहा पाकळ्यांची चलती दिसते ती अशाच कारणानं. ‘आजीची फुलबाग’ म्हणून जी क्विल्ट ओळखली जाते तिच्यात मधे एक षटकोन, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, असं एकोणीस तुकड्यांचं फूल असतं. षटकोन कंपासनं काढता येतो, वर्तुळाची त्रिज्याच परिघावर सहा वेळा बसते. असे षटकोन कागदावर टाचून शिवण्याची पद्धत फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकानं १८३५ सालीच छापली होती. पट्टी नसली तरी भूमिती होतीच. आत्याचं म्हणणं तेच होतं.

आत्या : मग तुझी तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?

तिनं असं रोखठोक विचारलं म्हणून मला माझं म्हणणं नीट मांडावं लागलं. माझी तक्रार कडेबद्दल आहे.

ड्रेस्डेनची पाकळी कशी होते ते बघा. पाचरीचा तुकडा उलटा करून लांबीत दुमडायचा, रुंद टोकाला घडीपासून कडेपर्यंत आडवी टीप मारायची, घडीकडचा कोपरा तिरका कातरायचा, नखानं शिवण उघडायची, आणि पाकळी सुलटी करून बोथट काडीनं टोक बाहेर काढायचं. मग इस्त्री. शिवण मागच्या बाजूला मधोमध बसते आणि पुढे टोक येतं. टीप घडीशी काटकोनात मारली तर टोक काटकोनी येतं, नेहमी. पण तीच टीप घडीपासून कडेकडे थोडी खाली उतरवत नेली तर टोक निमुळतं होतं. साठ अंशांत मारली तर साठ अंशांचं टोक. पाकळी तीच, पट्टी तीच, बदलला तो फक्त टिपेचा उतार. आणि वीस पाकळ्यांना वीस उतार देता येतात, कारण पाकळ्यांचा एकमेकींशी जोड खालच्या कडांवर आहे, टोकांवर नाही.

मी : हे माझं क्षेत्र आहे, आत्या. पाकळीच्या आकाराची जी पट्टी विकतात, टोकासकट, वळणासकट, ती नेमकं हेच काढून घेते. पाचरीची पट्टी मला कोन देते आणि पुढे मोकळं सोडते. पाकळीची पट्टी कडही ठरवून टाकते. फूल कोणाचं ते कडेवरून ओळखू येतं.

आत्या : मग असं म्हण की. सगळ्या पट्ट्यांना कशाला शिव्या घालतेस?

मी : दुकानात दोन्ही एकाच खणात टांगलेल्या असतात म्हणून.

आत्या : पण एखादीला पाकळी काढताच येत नसेल तर? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी आधी माझ्या कागदी मापावरूनच ब्लाउज कापायच्या. त्यातल्याच काही पुढे स्वतःचं बेतायला लागल्या.

या प्रश्नावर मला मेरी वेब्स्टर आठवते. इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावची बाई. वयाच्या पन्नाशीत, १९११च्या जानेवारीत, तिच्या फुलांच्या क्विल्ट ‘लेडीज होम जर्नल’ मासिकात रंगीत छापून आल्या, आणि पुढच्या वर्षी आणखी आल्या. गुलाब, आयरिस, वाऱ्यानं झुकलेली ट्युलिप, खसखशीचं फूल, मॉर्निंग ग्लोरी, सूर्यफूल. बागेतली फुलं तिनं बाह्यरेषेपुरती सोपी केली आणि फिक्या रंगांच्या साध्या कापडात बसवली. वाचक बायकांची मागणी एवढी आली की तिनं पातळ टिश्यू कागदावर नमुने काढून विकायला सुरुवात केली. १९१५ साली तिनं लिहिलेलं क्विल्टवरचं पुस्तक हे अमेरिकेतलं त्या विषयावरचं पहिलं पुस्तक मानतात.

आत्याच्या दृष्टीनं ही गोष्ट तिच्या बाजूची: बघ, एवढी मोठी कलावंतीण, तिनंही साचे विकले. माझ्या दृष्टीनं माझ्या बाजूची: साचा होण्याआधी तिनं फुलाकडे स्वतः बघितलं होतं. नॅन्सी क्रोचं कामही आधी साच्यांचं, कमालीचं नेमकं होतं; नंतर ती रोटरी कटर पट्टीशिवाय, नुसत्या हातानं चालवायला लागली आणि अनेकांना तसं कापायला शिकवलं. तिच्या मोकळ्या रेषेचं आम्हा सगळ्यांना वेड. पण त्या रेषेमागे साच्यांच्या कामाची वर्षं आहेत, हे आम्ही सांगत नाही. ते सांगायला हवं.

वाद असाच चालू राहिला असता, पण आम्हाला एक फूल खरोखर करायचं होतं. कार्नेशन. लाल कार्नेशन हे १९०४पासून ओहायोचं राज्यपुष्प आहे. इथलेच राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली कोटाच्या बटनछिद्रात ते लावत. १९०१ साली त्यांची हत्या झाली, त्यांच्या आठवणीसाठी राज्यानं हे फूल निवडलं. आत्याला ते लग्नाच्या स्टेजवरून आणि पुष्पगुच्छांतून माहीत होतं. आम्ही बाजारातून एक जुडी आणली आणि एक फूल पाकळी पाकळी सोडवून कागदावर मांडलं.

पाकळी खाली अरुंद देठासारखी, वर पसरत गेलेली पाचर. वरची कड दातेरी. रानातल्या कार्नेशनला पाचच पाकळ्या असतात. बागेतल्याला माणसानं वाढवत वाढवत पुष्कळ केल्या. त्या एवढ्या दाटीनं येतात की सपाट पसरायला जागाच उरत नाही, म्हणून मुरडतात. पाकळीची कडही तिच्या मधल्या भागापेक्षा जास्त वाढलेली असते, त्यामुळे ती एकटी ठेवली तरी लाट धरते.

आत्या : म्हणजे याला तीनशे साठ पुरत नाहीत.

ती हे बोलली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या फुलात अकरा अंश कमी झाले तर ते वाटीसारखं उठलं होतं. मग जास्त घातले तर? अठरा अंशांच्या अठराच पाकळ्या जोडल्या तर तीनशे चोवीस अंश, फूल अर्धं मिटल्यासारखं खोलगट. वीस जोडल्या तर सपाट. बावीस जोडल्या तर तीनशे शहाण्णव, म्हणजे छत्तीस अंश कापड जास्तीचं, आणि त्याला लाटेत जाण्यावाचून गत्यंतर नाही. चोवीस जोडल्या तर बहात्तर अंश जास्त, लाटा आणखी दाट. एकाच पट्टीतून कळी, उमललेलं फूल आणि मुरडलेलं फूल. चुण्या घालूनही लाटा आणता येतात, पण चुण्यांनी मध्यभागी कापडाचा गोळा होतो. इथं जास्तीचं कापड फक्त कोनात आहे, मध्याला ओझं नाही.

पहिल्या प्रयत्नात मात्र बावीस शिवणींची जाडी आड आली. ड्रेस्डेन मोठं असतं, त्याला चालतं. आमचं फूल सहा इंची, त्याच्या भोकाभोवती बावीस शिवणी एकत्र आल्या की कडेला कडकपणा येत होता, लाट उठेना.

आत्या : सगळं पाचरीत कापायचं कशाला? छत्री घागऱ्यासारखं कर. अख्खं गोल काप, मध्ये भोक ठेव. काठापासून मध्यापर्यंत एक चीर दे. त्या चिरेत तुझ्या पट्टीनं कापलेल्या दोन पाचरी बसव. छत्तीस अंश वाढले, जोड तीनच.

हे मी कुठल्याही क्विल्टच्या पुस्तकात वाचलेलं नाही. पट्टी आता फूल कापत नव्हती. फुलात किती जास्तीचं घालायचं तेवढंच ती मोजत होती, आणि बाकी सगळं – गोल, कड, दाते – कात्रीकडे आणि डोळ्याकडे परत आलं होतं. माझ्या मते या पट्टीचा याहून चांगला उपयोग नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी वीस पाकळ्यांवर थांबू नये.

कापडाबद्दल आत्या अडून बसली. मला खणाचा लाल हवा होता, त्याची बुट्टी मला आवडते. ती म्हणाली, खणाचे धागे सैल सुटतात, दातेरी कड दोन दिवसांत दाढी धरेल. शेवटी तिनं बरोबर आणलेलं इचलकरंजीचं लाल पॉपलिन घेतलं, दाट विणीचं. तांदळाच्या पेजेची खळ पातळ करून दिली आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवली. मग कड नागमोडी पात्याच्या कात्रीनं कापली. दात्यांमुळे कडेचा प्रत्येक धागा तिरका तुटतो, त्यामुळे दोरे सहजी निसटत नाहीत. खळ दिल्यामुळे लाट उभी राहते, कोमेजत नाही. तीन थर केले: खालचा वीस पाकळ्यांचा सपाट, मधला छत्तीस अंश जास्तीचा, वरचा आणि सर्वांत लहान, बहात्तर अंश जास्तीचा. वरच्या थराची कड मी हातानं कापली, दाते लहानमोठे ठेवून. आत्यानं त्याला आक्षेप घेतला नाही. मधल्या थराच्या कडेला मात्र घेतला, आणि तो थर पुन्हा कापायला लावला, कारण दाते एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ झाले होते. पुन्हा कापल्यावर तो चांगला झाला.

शेवटचा वाद फूल क्विल्टवर लावण्याचा. भिंतीवरची क्विल्ट प्रदर्शनाला पाठवताना गुंडाळावी लागते, आणि पुढची बाजू बाहेर ठेवून गुंडाळली तर सुरकुत्या मागच्या कापडावर पडतात. पण उभ्या लाटांचं फूल गुंडाळीत चेपणारच.

आत्या : टिचबटण लाव. एक अर्धं फुलाच्या पाठीला, एक अर्धं क्विल्टवर. पाठवताना फूल काढून डब्यात ठेव, तिथं पोचल्यावर लाव.

मी : मग ते क्विल्टचा भाग राहत नाही. क्विल्ट नॅशनलची अट आहे, किमान दोन थर हवेत आणि ते आरपार जाणाऱ्या टाक्यांनी किंवा तशाच कशानं तरी धरलेले हवेत. काढता येतं ते फूल म्हणजे वर ठेवलेला दागिना.

आत्या : आणि चेपलेलं फूल म्हणजे काय?

मी : खालचा सपाट थर मी सगळ्या थरांतून शिवणार, पाकळी-पाकळीच्या रेघेवरून. तो कधीच निघणार नाही. वरचे दोन थर तू म्हणतेस तसे बटणावर.

आत्या : वरचा चालेल. मधला नको. मधल्याच्या भोकाच्या कडेला आतून एक फेरा आरपार मार, बाहेरची कड मोकळी सोड. छत्तीस अंशांची लाट हलकी असते, चेपली तरी पाण्याचा हात लावून इस्त्रीच्या वाफेनं परत उभी राहील. बहात्तरची राहणार नाही.

आम्ही मधल्या थराचा एक नमुना शिवला, क्विल्टच्या तुकड्यासकट नळीवर गुंडाळून आठवडाभर ठेवला आणि मग वाफ दिली. लाट परत आली, फक्त एका ठिकाणी घडीची रेघ राहिली, जिथं दोन पाचरींचा जोड नळीच्या आडवा आला होता. म्हणून आता जोड नळीच्या लांबीत येईल असं फूल फिरवून लावायचं ठरलंय. क्विल्ट कोणत्या दिशेनं गुंडाळायची ते मागच्या कापडावर बाण काढून लिहायचं, असं आत्यानं सुचवलंय. तो बाण दोऱ्यानं काढावा की कापडावरच्या शाईनं, यावर अजून एकमत नाही.